बंद लिफ्टमधला श्वास

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि दिवा गेला, तेव्हा आत मी आणि शेजारच्या कुमुदताई अशा दोघीच होतो. मी दार बडवत सुटले. ‘मेकॅनिक येतोय, थांबा जरा!’ वॉचमन बाहेरून ओरडला.

कुमुदताई रोज ध्यानाला बसतात. डोळे मिटून काय मिळतं, असं मी त्यांना नेहमी चिडवायचे. आता मोबाइलच्या उजेडात त्या खाली बसलेल्या दिसल्या, डोळे मिटून. मला रागच आला.

‘अहो, घुसमटतंय मला!’

‘बस इथे. श्वास येतोय ना, तेवढंच बघ.’

बसले. श्वास बघायला गेले तर छातीतली धडधडच ऐकू आली. शांत वगैरे काही वाटलं नाही. मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता.

‘तुम्हालाही भीती वाटतेय?’

‘वाटतेय की. इतकी वर्षं बसले म्हणून भीती थोडीच जाते?’

‘मग उपयोग काय?’

‘भीती वाटत असताना बसता येतं, गं.’

ध्यान म्हणजे मन निवलेल्यांचं काम, माझ्यासारख्या घाबरटांचं नव्हे, अशी माझी समजूत होती. त्या गार हाताने ती मोडली. मी पुन्हा श्वासाकडे वळले. आखूड होता, अडखळत होता, पण येत होता.

बऱ्याच वेळाने दार उघडलं.

‘घाबरलात का?’ वॉचमनने विचारलं.

‘खूप,’ आम्ही दोघी एकदमच म्हणालो.