साहेबांचा नंबर

संसदेच्या चौकशी कक्षात फोन घेण्यात बाईंचा जन्म गेला. आपला खासदार कोण, त्याचा नंबर काय, असं लोक विचारत आणि बाई संगणकावर बघून सांगत. मतं मागताना दारोदार हात जोडणारे निवडून आल्यावर कुठे गडप होतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लोकांची कटकट नको म्हणून काही महाभाग स्वतःच्या नावापुढे चौकशी कक्षाचाच नंबर देत. मग त्यांच्यासाठी फोन आला, की बाईंनी ठरलेलं वाक्य म्हणायचं. पोटासाठी माणूस काय काय म्हणतो!

त्या दिवशी धाकट्या जावेचा मोबाइलवर फोन आला. रस्ता रुंद करायला घरं पाडणारं यंत्र गल्लीत शिरलं होतं.

"ताई, आपल्या खासदारांचा नंबर द्या. आता तेच थांबवतील."

खासदार नवे होते. बाईंनी घाईघाईने नंबर शोधला आणि धड न बघताच जावेला पाठवून दिला.

लगेच टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे नुसती घरघर आणि त्यात एक बाईमाणूस ओरडत होतं, "साहेब आहेत का?"

बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "साहेब बैठकीत आहेत. निरोप सांगा, पोचवते."

पलीकडे काहीतरी धाडकन कोसळलं. मग जाऊ अगदी हळू म्हणाली, "ताई, निरोप तुम्हालाच सांगू का?"