जिन्यातल्या बल्बचं आयुष्य

"हात नका लावू, साहेब. नुसतं बघा आणि सर्टिफिकेट द्या," शिर्के खालून म्हणाले.

मी स्टुलावर उभा होतो. घाटकोपरची एक जुनी चाळ, तिचा पहिला जिना. शिर्के तिथले सेक्रेटरी. चाळ पाडून टॉवर व्हायचा होता. जिन्यातला हा बल्ब लॉबीत काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलं होतं. वीज जाते तेवढा वेळ सोडला तर तो पन्नासेक वर्षं रात्रंदिवस जळतोय, असं सगळे सांगत. त्याला बटणच नव्हतं. बिल्डरला त्यावर इलेक्ट्रिकल इंजिनीयरची सही हवी होती.

पत्नीला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. घरी पुस्तक उघडायचो, पण पान उलटत नव्हतं. म्हणून हे काम घेतलं.

असा सतत जळणारा साधा बल्ब काही महिन्यांत जातो. तेव्हा पहिला संशय हाच, की कुणीतरी गुपचूप बदलतंय. पण बल्बची टोपी आणि होल्डर यांच्यावर ऑइलपेंटचे थर होते. हिरवा, त्यावर गुलाबी, त्यावर क्रीम. रंगाऱ्यांनी दरवेळी दोन्हींवरून ब्रश फिरवलेला. बल्ब काढला असता तर रंग तडकला असता. तो अखंड होता.

मग मीटर लावला. येणारा पुरवठा बरोबर होता, बल्बला मात्र निम्माच व्होल्टेज मिळत होता. म्हणजे उरलेला दुसरीकडे कुठेतरी खर्च होत होता. वायर लाकडी पट्टीतून भिंतीत शिरत होती. भिंतीपलीकडे सावंतकाकूंची खोली.

आत ओट्यावर तसलाच एक मंद बल्ब जळत होता.

"म्हणजे कॉमन मीटरवर यांचा फुकट दिवा!" शिर्के उसळले. "काकू, हे काय चाललंय? साहेब, रिपोर्टमध्ये चोरी लिहा. यांचं एनओसी थांबवतो मी."

एनओसी थांबलं तर नव्या इमारतीतली काकूंची खोली अडकणार होती. त्या एकट्या राहत. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"माझ्या घोवान चोरी नाय केल्यान," त्या म्हणाल्या. "गिरणीत वायरमन होते ते. जिन्यातला बल्ब रोज कोणतरी पळवायचा. मग ह्यांनी तो आमच्या बल्बाला जोडला. तिकडचा काढला की इकडे पण काळोख. लगेच काठी घेऊन धावायचे. पहिला रंग लागायच्या आधीच पळवापळवी थांबली."

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नव्हता. पण जोडणी त्या म्हणाल्या तशीच निघाली. दोन बल्ब एकाच वाटेवर, एकामागून एक. आम्ही याला सिरीज म्हणतो. दोघांत व्होल्टेज वाटला जातो, आतली तार पुरती तापत नाही, म्हणून झिजतही नाही. आयुष्याचं गुपित एवढंच.

मी करंट मोजला. तसाच एक सुटा बल्ब आणून तोही मोजला. मग मीटर शिर्क्यांपुढे धरला.

"हे दोन मिळून त्या एकट्यापेक्षा कमी वीज खातात. चोरी कुठली लिहू?"

शिर्के काकूंकडे वळले. "मग काकू, इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"सांगितला असता तर चोराक कळला नसता?"

"आणि सापडला का कधी कोण?"

"गावलो ना. तुझो बापूस. दोनदा."

शिर्क्यांनी फाइल बंद केली.

रिपोर्टमध्ये मी 'सिरीज जोडणी, वीजवापर कमी, बल्ब जुना, वय सांगता येत नाही' एवढंच लिहिलं. काकूंचं एनओसी त्याच दिवशी निघालं. काचेच्या पेटीचा विषय शिर्क्यांनी पुन्हा काढला नाही.

तेव्हापासून जुन्या वायरिंगमध्ये चोरी दिसली, की ती वायर कुणाला पकडायला टाकली होती, हे मी आधी विचारतो.