कॉपी पकडणाऱ्या निर्मलाताई

निर्मलाताई कुणाच्याही घरी गेल्या तरी खुर्चीवर बसत नसत. अगदी सरपंचांचा नवा सोफा असला तरी त्या सरळ फरशीवर मांडी घालत. गावाला वाटे, बाई फार नम्र आहे. नम्र वगैरे त्या मुळीच नव्हत्या. मी एकदा आग्रह केला तेव्हा म्हणाल्या, "सर, वरून पोराचा निस्ता भांग दिसतो. पोर पाहायचं तर खाली बसाया लागतं." देवळ्याजवळच्या आमच्या गावात त्या तीसेक वर्षं अंगणवाडी सेविका होत्या आणि गावातली अर्धीअधिक माणसं त्यांनी अशी खाली बसून पाहिलेली होती.

मी गणिताचा मास्तर. निवृत्त झालो तरी गाव मला सरच म्हणतं. दहावीच्या केंद्रावर माझी नेमणूक असली की पोरं चिठ्ठ्या गेटबाहेरच टाकून येत. मोज्यातली, कंपासपेटीतली, एकदा तर डब्यातल्या पोळीत घडी घालून आणलेली कॉपीसुद्धा मी पकडली आहे, आणि त्याची फुशारकी मी अजून मारतो. निर्मलाताईंशी माझं कधी जमलं नाही. मी म्हणायचो, तुम्ही पोरांना नुसतं खेळवता, पाढे कधी शिकवणार? त्या म्हणायच्या, "तुमच्या हातात येतीलच की दहा वर्षांनी. तवर जगू द्या त्यांना."

माझी नात रेवा तीन वर्षांची झाली आणि त्यांच्या अंगणवाडीत जाऊ लागली. रेवा म्हणजे आमच्या घरातलं सगळ्यात गुणी माणूस. रडणं नाही, हट्ट नाही. ओसरीवर बसून वाटीभर हरभऱ्याचे दाणे एका रेषेत मांडत राहायची. मला त्यात गणिताची आवड दिसली आणि आल्यागेल्याला मी ती रांग कौतुकाने दाखवू लागलो. हाक मारली तर ती वळून बघत नसे. ती तिची तंद्री, असं आम्ही ठरवून टाकलं. टीव्हीवरच्या जाहिराती ती जशाच्या तशा म्हणायची, स्वतःचं मात्र एक अक्षर बोलायची नाही. आमच्या घराण्यात सगळेच उशिरा बोलतात, असं मी सांगत असे. माझी बडबड ऐकून ते कुणाला पटत असेल असं वाटत नाही.

महिन्याभराने निर्मलाताई घरी आल्या. चहा निम्मा संपल्यावर माझ्या सुनेला म्हणाल्या, "मनीषा, तुझी रेवा लय गुणाची हाय. पण गुणी पोराची मला भीती वाटती बघ. रडणाऱ्याकडं सगळे पळतात, गप पोर तसंच राहून जातं." मग त्यांनी विचारलं, "काही पाहिजे झालं तर ती तुझ्या तोंडाकडं बघून मागती का?"

मनीषाने मान हलवून नाही म्हटलं. रेवा आईचं मनगट धरायची आणि तो हात बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवायची, तोंडाकडे न बघताच. मनीषाला ते कधीपासूनचं खुपत होतं, पण आमच्या घरात ते बोलायची सोय नव्हती. ती मीच ठेवली नव्हती, हे आता कबूल करतो.

त्या दिवशी मात्र मी उखडलो. "माझ्या नातीला वेडी ठरवता काय?"

"वेडी कोण म्हणलं? नाशिकला तपासणी असती. पोर कसं ऐकतं, कसं खेळतं, कसं मागतं ते बघतात. काय असंल ते आत्ता कळलं तर लय काही करता येतं. शाळेत गेल्यावर कळलं, तर तवर पोरगी मार खाईल. तुमच्यासारख्याच कुणाच्या हातचा."

हे शेवटचं मला फार लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

ताईंनी अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली, नाशिकच्या केंद्रात फोन करून करून नंबर लावला आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळवली. आणि इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. पंधरा दिवस म्हणजे पूर्वतयारीला भरपूर वेळ! रोज सकाळी मी रेवाला समोर बसवू लागलो. नाव सांगितलं की गुळाचा खडा. गाव सांगितलं की खडा. एक ते वीस, लाल-पिवळा-निळा, शेवटी हात जोडून नमस्ते. जाहिराती पाठ करणारी पोर ती, आठवड्यात सगळं घडाघडा म्हणू लागली. "बघ, काही झालेलं नाही तिला," मी मनीषाला म्हणालो. ताईंना यातलं काही सांगायचं नाही, अशी ताकीदही दिली.

ताई आमच्याबरोबर एसटीने नाशिकला आल्या. केंद्रातल्या खोलीत सतरंजी होती, बाहुली होती, साबणाचे फुगे उडवायची नळी होती. तपासणी करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, आवाज मऊ होता. त्यांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोच रेवाने भिंतीकडे बघत सुरुवात केली. नाव, गाव, एक ते वीस, रंग, नमस्ते. आणि हात पुढे. गूळ मिळाला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मॅडमनी बाहुली दाखवली, फुगे उडवले. रेवाचं आपलं चालूच. एका ठिकाणी ती अडखळली आणि मी कोपऱ्यातून ओठ हलवून "निळा, निळा" असं सुचवू लागलो.

ताईंनी ते पाहिलं. राग आला की त्या आपल्या माहेरच्या अहिराणीत शिरायच्या. "सर! पोरगी शे ती, पेपर नही!" आणि मॅडमकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, आमच्या सरांनी जन्मभर कॉपी पकडली आन् आज नातीला पुरवली."

मॅडमना हसू आलं, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "आजोबा, तुम्ही काय शिकवलंत ते आज दिसलं. रेवा दिसली नाही. आता ती दमली आहे, पुन्हा यावं लागेल." पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळाली. तपासणी लवकर व्हावी म्हणून ज्या बाईने आटापिटा केला, तिचे अडीच महिने माझ्या गुळाने खाल्ले. परतीच्या एसटीत मनीषा खिडकीकडे तोंड करून रडत होती.  

दुसऱ्या दिवशी ताई एक वही घेऊन आल्या. "सर, आता शिकवायचं नाय. रेवा काय करती तेवढंच लिहायचं. बरोबर का चूक, ते लिहायचं नाय."

आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं. पहिल्याच पानावर मी लिहिलं, 'ऐकत नाही.' ताईंनी काट मारली. "हे तुम्ही तुमच्याबद्दल लिहिलं. तिच्याबद्दल लिहा." मग हळूहळू जमू लागलं. 'मिक्सर लागला की कानांवर हात ठेवून मोरीत जाते.' 'ओल्या मातीवर चालत नाही.' एक दिवस लिहिलं, 'दाणे मांडत होती. मी शेजारी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने तिने एक दाणा उचलून माझ्या पायावर ठेवला.' हे मी ताईंना दोनदा वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "घेतलं की तुम्हाला रांगेत."

दुसऱ्या खेपेला मॅडमनी वही सावकाश वाचली, रेवाबरोबर बराच वेळ घालवला आणि आम्हाला समजावून सांगितलं: ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे नापास?"

"कुणी नापास नाय," ताई म्हणाल्या. "पोरगी कशी हाय ते कळलं. आता आपल्याला तिच्याजोगतं व्हायचंय." मॅडमनी मान डोलावली आणि घरी खेळायचे चार खेळ लिहून दिले. त्या रात्री मनीषा कित्येक दिवसांनी पोटभर जेवली. मग दर आठवड्याला नाशिकच्या खेपा सुरू झाल्या. काही आठवडे वाया गेल्यासारखे वाटत, एखाद्या आठवड्यात रेवा आईकडे बघून हसे, आणि घरात दिवाळी होई.

यंदा निर्मलाताई निवृत्त झाल्या आणि नामपूरला मुलाकडे राहायला निघाल्या. अंगणवाडीसमोर रिक्षा उभी होती, बायका डोळे पुसत होत्या, लहान पोरं एकेक करून पाया पडत होती. कुणीतरी रेवाला म्हणालं, "जा ग, पाया पड ताईंच्या." मी म्हणणाऱ्याला हातानेच थांबवलं. पाच वर्षांची रेवा भिंतीला टेकून उभी होती. तिचं लक्ष आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

ताई रिक्षात बसल्या तशी ती गर्दीतून वाट काढत पुढे आली. ताईंचा पदर मुठीत धरला, मान वर केली आणि थेट त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ताई, नको जाऊ."

रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. मनीषाने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ते तीन शब्द रेवाला आमच्यापैकी कुणीही शिकवलेले नव्हते.