कॉलरचा दोष

आमचे काका शिंपी. घास घशाखाली उतरेना, तेव्हा त्यांनी दोष दिला तो सदऱ्याच्या कॉलरला, आणि एकेक करून सगळ्या कॉलरी सैल केल्या. काकू म्हणायची, “आता त्यात मीपण मावेन!”

शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय अडकतं?”

“आधी पाव अडकायचा. आता दूधसुद्धा.”

“मग दुर्बीणच घालून बघू.”

“पांढरं औषध पाजून फोटो काढतात, तो नाही चालणार?”

“फोटोत वाट अरुंद झालेली दिसेल. ती कशानं झाली हे कळायला आतला तुकडा काढून तपासावा लागेल.”

काकांनी कॉलरमध्ये दोन बोटं घातली. ती सहज गेली.

“म्हणजे कॉलरी उगाच उसवल्या,” ते म्हणाले, आणि वरचं बटण लावून दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले.