सासूबाई आणि गौताळ्याची वानरीण

बँकेतून मोठ्या मिनतवारीने रजा मिळाली होती. गौताळ्याच्या अभयारण्यात जायचं, आतला धबधबा बघायचा, एवढंच माझ्या मनात होतं. सासूबाई यायला तयार नव्हत्या. जन्म रानात गेला, आता पेट्रोल जाळून पुन्हा रान काय बघायचं, असं त्यांचं म्हणणं. नवऱ्याने समजूत काढून त्यांना गाडीत बसवलं.

आत थोडं चाललो आणि त्यांचे गुडघे धरले. तुम्ही जाऊन या, म्हणत त्या जांभळाखाली बसल्या. आम्ही वळणापर्यंत पोचलो नसू, तेवढ्यात मागून त्यांची हाक आली. धावत परतलो. एक काळ्या तोंडाची वानरीण, पोटाशी पिल्लू धरून, सासूबाईंना खेटून बसली होती आणि त्यांच्या डोक्यातल्या उवा शोधत होती.

मी घाबरून काठी उचलली. बरोबरच्या वनरक्षकाने हात धरला. हिला माणसांची सवय आहे, काही करत नाही, पण हुसकलं तर पिल्लासाठी चावेल. आपणहून उठू द्या, म्हणाला. पोळीचं आमिष दाखवू का, तर तेही नाही. खायला घालायची मनाई, आणि डबा उघडला तर सगळा कळप खाली येईल.

मग थांबलो. ऊन डोक्यावर आलं. पोटात कावळे ओरडत होते आणि डबा माझ्याच खांद्यावर लटकत होता. नवरा या बाजूने, त्या बाजूने फोटो काढत होता. धबधब्याचं काय, असं विचारलं तर मला गप्प राहायची खूण करत होता.

सासूबाई मात्र निवांत. डोळे मिटून तिच्याशी हळू आवाजात बोलत होत्या.

"केस ऱ्हायलेत कुठं आता, बाई? बघ, सापडलं तर. आमच्या सूनबाईला येळ नाय. लई काम असतं तिला. घरी आली तरी घाईतच असती. तू बस सावकाश."

माझी तक्रार माझ्यादेखत वानराला सांगितली जात होती. सकाळी पाचला उठून यांच्यासाठी मऊ पोळ्या मी लाटल्या होत्या. पण हे तिथं कुणाला सांगणार?

"आई, उठायचं का आता हळूहळू?" मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

"तिचं झालं की उठते," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

ऊन उतरल्यावर कळप डोंगराकडे निघाला तेव्हा कुठे ती उठली. तोवर वनरक्षक घड्याळ बघायला लागला होता. आता आत सोडता येणार नाही, अंधाराच्या आत फाटकाबाहेर पडावं लागतं, असं त्याने सांगितलं.

कन्नड गावाच्या अलीकडे रस्त्याकडेला गाडी लावून गार पोळ्यांचा डबा उघडला. सासूबाई रोजच्यापेक्षा एक जास्तच जेवल्या, आणि तू का खाईना, म्हणून मला विचारलं. मी भूक नाही म्हणाले. शहराचे दिवे दिसेपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. मागच्या सीटवर त्या गाढ झोपल्या होत्या.