फायनल इयरचा मुलगा

ऑगस्टमध्ये सांगलीत कुणीही भेटलं, की आधी पाणी किती चढलं ते विचारतं. त्या सकाळी आमच्या स्टाफरूममध्येही तेच चाललं होतं. तेवढ्यात दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. ताठ कणा, बारीक कापलेले केस, पॉलिश केलेले बूट, हातात कापडी पिशवी. फौजेतून निवृत्त झालेला माणूस ओळखू येतोच. त्यांनी मुलाचं नाव सांगितलं आणि त्याच्या मेंटॉर मॅडम कोण, असं विचारलं.

ती मीच. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रत्येक शिक्षकाकडे काही मुलं सोपवलेली असतात. त्यांची हजेरी, निकाल, अडचणी आम्ही बघायच्या. हा मुलगा माझ्याकडे नुकताच आला होता, आधीचे सर नोकरी सोडून गेल्यामुळे. मी भेटायला बोलावलं, की ‘येतो मॅडम’ असं उत्तर यायचं. तो यायचा नाही.

“म्हसवडास्नं आलोय,” वडील म्हणाले. “म्हटलं, कंपनीच्या मुलाखती कवा हायत ते इचारावं. फायनल इयर हाय न्हवं त्याचं.”

मुलगा विषय राहिल्यामुळे दुसऱ्या वर्षातच अडकला होता. इयर डाऊन. इथे तो कुठल्याच वर्गात बसत नव्हता आणि घरी मात्र दर जूनमध्ये एकेक वर्ष पुढे सरकत होता.

हे त्यानंच सांगावं, असं मला वाटलं. वडिलांना बसवून मी त्याला मेसेज केला : ‘वडील आले आहेत. माझ्याकडे ये. आपण दोघं मिळून सांगू.’ मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही. फोन लावला, तर बंद.

वडील आपले बोलत होते. “लय शांत झालंय पोरगं. परवा फोनवर म्हणतंय, पप्पा, माझा लॅपटॉप धाकटीला द्या. म्या म्हटलं, तुला नको व्हय रं? तर नुसतं हसलं.”

सांगताना तेही हसले. मी उठले. “चला, आपण होस्टेलवर जाऊ.”

खोलीत त्याचा पार्टनर एकटाच होता. शेजारच्या कॉटवरची गादी गुंडाळून ठेवलेली, पुस्तकं सुतळीनं बांधलेली. “आत्ताच गेला,” पार्टनर म्हणाला. “पाणी बघून येतो म्हणाला.” त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. अख्खी सांगली पाणी बघायला जाते.

रिक्षात मी वडिलांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, पाणी लय हाय का?”

मला खोटं बोलवेना. “आहे,” मी म्हणाले.

नदीच्या घाटावर दोर बांधला होता. पायऱ्या कधीच बुडाल्या होत्या. गढूळ पाणी आवाज न करता फुगत होतं, मधूनच एखादं झाड मुळांसकट वाहून जायचं. लोक मोबाइल वर धरून उभे होते. तो मला आधी दिसला. दोराच्या पलीकडे, एका देवळाच्या जोत्यावर बसलेला. चपला काढून शेजारी नीट ठेवलेल्या.

मी हाक मारणार होते. वडिलांनी हातानं मला थांबवलं. ते दोराखालून वाकून गेले, पोलिसानं शिट्टी वाजवली तरी थांबले नाहीत. मुलाच्या अगदी लगत बसले आणि त्याचं मनगट धरलं. मी मागोमाग पोचले तेव्हा दुसऱ्या हातात त्यांनी चपला घेतल्या होत्या.

“घाल पायात.”

“पप्पा, मी नापास हाय.”

“ठावं हाय. घाल.”

“तुमी गावात समद्यास्नी सांगितलंय...”

“सांगितलंय तर सांगितलंय. गावाचं मी बघतो. तू ऊठ.”

त्याला उठता येईना. वडिलांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. जिथं तो बसला होता, तिथं तोवर पाणी लागलं होतं.

आम्ही तिथून थेट मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. मग वडील त्याला गावी घेऊन गेले; पूर ओसरल्यावर तो परत आला. सगळे विषय एकदम नकोत, थोडे थोडे सोडवू, असं ठरवलं. आता तो तिसऱ्या वर्षात आहे. औषधं चालू आहेत. अजूनही मधेच काही दिवस गप्प होतो, तेव्हा मी वडिलांना फोन करते.

कुणाचं वर्ष गेलं, की त्याला समोर बसवूनच घरी फोन करायचा, असं मी मीटिंगमध्ये मांडलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, कुणाकुणाच्या मागे फिरणार?” त्यांचंही चूक नव्हतं. माणसं कमी, मुलं भरमसाट.

पण मी जाते. परवा दुसऱ्या एका मुलाचा फोन लागेना म्हणून रेक्टरना घेऊन त्याच्या खोलीपाशी गेले. दार आतून बंद होतं. आम्ही वाजवत राहिलो, हाका मारत राहिलो. आजूबाजूची मुलं बाहेर येऊन उभी राहिली. रेक्टर दाराला खांदा लावणार, एवढ्यात आत कडी सरकली. तो डोळे चोळत विचारत होता, “काय झालं मॅडम?”

“आधी तो फोन चार्जिंगला लाव,” मी म्हणाले.