अनुकूल बाजूचं भाषण

नववीत असताना मी शहापूरच्या वादविवाद स्पर्धेत बोलले. विषय होता, ‘आईवडिलांनी मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी असावी.’ आमच्या बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला अनुकूल बाजू आली. म्हणजे बंदी हवीच, असं मला ठणकावून सांगायचं होतं, आणि ते पाठ कुठे करायचं, तर आमच्या घरात! बाई कल्याणहून येऊन-जाऊन नोकरी करायच्या. त्यांना आमचं घर काय माहीत?

आमच्याकडे विनाकारण मार बसायचा, असं मी म्हणणार नाही. कारण असायचंच. गुरं कुणाच्या तरी भातात शिरली, दप्तर भिजलं, रॉकेल सांडलं. हे सगळं पाचवीतल्या माझ्या भावाच्या हातून व्हायचं, आणि विचारलं की तो नंदीबैलासारखी मान हलवून हो म्हणायचा. आमचे वडील, आप्पा, कारखान्यातून सुटून, आसनगावला उतरून सायकलने गावी येईपर्यंत अंधार पडायचा. ते हातपाय धुवायचे, चहा घ्यायचे आणि मग कुंपणातल्या निरगुडीचा फोक तोडून आणायचे. वाळलेला मोडतो म्हणून ओला. ओटीवर बसून एकेक पान खुडायचे. तेवढा वेळ भाऊ भिंतीला टेकून उभा. पळून जायची अक्कल त्याला कधी आलीच नाही, आणि मला आप्पांपेक्षा त्याचाच राग यायचा.

पाठांतर मी गोठ्यात करायचे. एका रविवारी आप्पा दारात येऊन उभे राहिले.

“मोठ्यानं बोल गो. गायीला आयकू येतो, मला नाय येत.”

मी बोलले. परदेशात काही ठिकाणी असा कायदा आहे, तिथे बापालाही जाब द्यावा लागतो, हा मुद्दा आला तेव्हा त्यांनी मान वर केली.

“बापाला कोन विचारतो?”

“सरकार,” मी म्हटलं.

आप्पा हसले. ते चिडले की काय करायचं ते आम्हाला ठाऊक होतं. हसले की काहीच कळायचं नाही. आई चुलीपुढून उठून घराच्या दारापर्यंत आली आणि परत गेली.

स्पर्धेला ते रजा टाकून आले. मुरबाडच्या शाळेचा मुलगा प्रतिकूल बाजूने बोलला. आईच्या थपडेत माया असते म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकसुद्धा माना डोलवत होते. तरी पहिला नंबर माझा आला, कारण माझा आवाज खणखणीत. बंदी मात्र त्या सभागृहात कुणालाच नको होती. आप्पांनी येताना पेढे घेतले, आळीत वाटले. मला वाटलं, सुटलो. कसले सुटतोय!

त्याच आठवड्यात भावाने सायकल पाडली. आप्पांनी फोकाची पानं खुडली आणि मला हाक मारली.

“ये गो. बोल तुझा भाषण. सरकार काय सांगतो तो याला पन आयकू दे.”

मला थट्टा वाटली. “अध्यक्ष महाशय” म्हटलं आणि भावाच्या पाठीवर पहिला फटका बसला. मी थांबले.

“थांबलीस त पुन्ना पयल्यापासून,” आप्पा म्हणाले.

भाषण संपलं तेव्हाच त्यांचा हात थांबला. मग तो नेमच झाला. भाषण चालू तोवर मार चालू. शेजारचे काका कधी ओटीवर बसलेले असायचे, ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, “पोरगी वकील होनार तुझी!” भरभर बोलायला गेले की शब्द गिळले जायचे, आणि शब्द गिळला की पुन्हा पहिल्यापासून. ज्या आवाजाला बक्षीस मिळालं त्याचा मला मनापासून तिटकारा आला.

एकदा शाळेच्या वाटेवर भाऊ मागून पळत येऊन माझ्या बरोबरीने चालू लागला. हळूच म्हणाला, “ताई, तो परदेशाचा काढून टाक ना गो. जाम लांब होतो.”

बाईंनी सगळ्यात भक्कम म्हणून लिहून दिलेला मुद्दा तो. मी काढून टाकला.